नस दबली की मज्जारज्जू? मानेवर हात ठेवण्याआधी काय पाहावं, वजन किती लावावं

फिजिओ_केज:

दोन रुग्णांबद्दल विचारायचं आहे. दोघांच्या चिठ्ठीवर मजकूर एकच: मानेच्या मणक्यात गॅप, नस दबली, वजन लावणे, पट्टा, शेक, १० दिवस.

पहिला ३८ वर्षांचा, काळी-पिवळी चालवतो. ५ आठवड्यांपासून उजव्या पाठपात्यापासून मधल्या बोटापर्यंत कळ जाते. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. ट्रायसेप्सची (दंडाच्या मागच्या स्नायूची) ताकद ५ पैकी ४, त्याचाच रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावरची उसळी) मंद. एमआरआयमध्ये सी६-सी७ ला, म्हणजे मानेच्या सहाव्या-सातव्या मणक्यांमध्ये, उजवीकडे गादी सरकलेली.

दुसऱ्या बाई ५४ वर्षांच्या. २० वर्षं ऊसतोडीला गेलेल्या, मोळ्या डोक्यावर वाहिलेल्या. मान फारशी दुखत नाही. त्यांचे शब्द असे: "हातात जीव ऱ्हाईना, भाकर थापताना फाटायलीय, चप्पल पायातून कवा निसटती कळंना." एमआरआयमध्ये सी४-सी५ आणि सी५-सी६ ला मज्जारज्जूवर दाब, टी२ (एमआरआयच्या एका प्रकारच्या) चित्रात मज्जारज्जूत पांढरा डाग. घरचे ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. "वजन लावून, हातानं मोकळं करून बघा" म्हणतात.

माझ्याकडे ट्रॅक्शनचं (मान ओढून वजन लावायचं) यंत्र आहे, मॅन्युअल थेरपीचं (हाताने मणके हलवून उपचार करण्याचं) प्रशिक्षणही आहे. पहिल्याला नेमकं काय, किती द्यावं? आणि दुसऱ्या बाईंच्या मानेवर हात ठेवावा की नाही?

मान_पाठ_संभाजीनगर:

केजच्या डॉक्टर, चिठ्ठी सारखी असली तरी हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याला चेतामुळाचा, म्हणजे मणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसेच्या मुळाचा, दाब आहे. दुसऱ्या बाईंना मज्जारज्जूचा. पहिल्यात आपल्या हाताला बरंच काम आहे, म्हणून आधी त्याचं लिहितो.

सी६-सी७ ला सी७ चं मूळ दबतं, आणि मानेत सर्वांत जास्त दबणारं मूळ हेच. मधलं बोट, ट्रायसेप्स, ट्रायसेप्सचा रिफ्लेक्स हे सगळं एमआरआयशी जुळतंय, ही चांगली गोष्ट. चाळिशीनंतर निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही गादीचं निघतंच, त्यामुळे चित्र आणि हात जुळल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत. खात्रीसाठी चार चाचण्या एकत्र करा: स्पर्लिंग (मान दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावर दाब देणं), हाताच्या मीडियन नर्व्ह या नसेची ताण चाचणी, मान हळू ओढल्यावर कळ कमी होते का, आणि दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळते का. तीन आढळल्या तर मुळाच्या दाबाची शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास जाते, चारही आढळल्या तर ९० च्या. ताण चाचणीत काहीच आलं नाही तर मात्र थांबा. मनगटातली किंवा खांद्यातली भानगड शोधा. स्पर्लिंग शेवटी करा. आधीच कळ चालू असेल तर मुळीच करू नका, उगाच दिवसभर हात पेटतो.

आता हाताचं काम. मान मागे नेली आणि दुखऱ्या बाजूला झुकवली की नस बाहेर पडायचं छिद्र अरुंद होतं. थोडी पुढे झुकवली आणि विरुद्ध बाजूला नेली की मोठं होतं. आपलं सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे.

मी सुरुवात बाजूच्या ग्लाइडने (मान बाजूला सरकवण्याने) करायला सांगेन. रुग्ण उताणा, दुखरा हात कोपरात वाकवून पोटावर, खांद्याखाली लहान उशी. तुम्ही डोक्याशी. डोकं एका तळव्यात पूर्ण पेला. दुसऱ्या हाताच्या तर्जनीचं मूळ सी६ च्या बाजूला, दुखऱ्या अंगाने टेकवा. मग डोकं-मान एकत्र, न झुकवता आणि न वळवता, विरुद्ध बाजूला सरकवा. सरळ रेषेत, ड्रॉवर ओढावा तसं. ३० ते ६० सेकंद लयीत, मग मिनिटभर विश्रांती, असे ३ वेळा. बहुतेकांची चूक इथे होते: सरकवायच्या ऐवजी मान झुकते, आणि झुकली की वरच्या मणक्यांवरच हालचाल होते, सी६-सी७ जागचा हलत नाही. दोन-तीन बैठकींत हात पोटावरून बाजूला घ्या, मग कोपर हळूहळू सरळ करा, म्हणजे नसेवर थोडा ताण असताना ग्लाइड होईल. ग्लाइड चालू असताना बोटांत मुंग्या आल्या आणि सोडल्यावर लगेच गेल्या तर चालेल. ५ मिनिटांनी पण राहिल्या तर हात जास्त ताणला गेलाय.

यंत्राचं ट्रॅक्शन: उताणा झोपवून, मान १५ ते २५ अंश पुढे झुकलेली, गुडघ्यांखाली उशी. सुरुवात ५ किलोच्या आसपास, ६० सेकंद ओढ आणि २० सेकंद सैल, एकूण १५ मिनिटं. दर बैठकीला अर्धा-एक किलो वाढवा, तेही हातातली कळ वर सरकत असेल तरच. म्हणजे बोटातून कोपरात, कोपरातून खांद्यात. मान थोडी जास्त दुखली आणि बोट मोकळं झालं, तर ती सुधारणा आहे हे रुग्णाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. ट्रॅक्शनचा पट्टा हनुवटीवर ओढ देत असेल तर जबडा दुखतो आणि दोष वजनाला जातो. ओढ डोक्याच्या मागच्या हाडावर यायला हवी. वजन एकदम काढू नका. कमी करत २ मिनिटांत उतरवा आणि ५ मिनिटं पडून राहू द्या.

२०१४ च्या एका चाचणीत व्यायामाला यंत्राचं ट्रॅक्शन जोडलेल्या गटाला नुसत्या व्यायामापेक्षा ६ आणि १२ महिन्यांनीही जास्त आराम होता. पण व्यायामाशिवाय फक्त १० दिवस वजन, ही आपल्याकडची रूढ पद्धत त्या चाचणीत नव्हती, हेही लक्षात ठेवा.

व्यायाम: मानेच्या आतले स्नायू. उताणा झोपवून मानेखाली दाब मोजणारा प्रेशरचा फुगा २० मिमी पाऱ्याच्या दाबावर ठेवा. हनुवटी किंचित आत, "हो" म्हणावं तेवढीच, आणि काटा २२ वर १० सेकंद धरायचा, १० वेळा. जमलं की २४, २६, अशी चढण ३० पर्यंत. गळ्यापुढचे मोठे स्नायू ताठ झाले की तो प्रयत्न धरू नका. फुगा नसेल तर घडी घातलेला टॉवेल चालतो, आकडा मिळत नाही एवढंच.

आठवड्यातून २ बैठकी, ६ आठवडे. चौथ्या-पाचव्या बैठकीपर्यंत हातातली कळ १० पैकी निदान २ अंकांनी उतरली नाही तर तेच रेटत राहू नका, मुळापासून पुन्हा तपासा. ट्रायसेप्स दर बैठकीला मोजा. ४ चा ३ झाला की त्याच दिवशी सर्जनकडे.

पट्ट्याबद्दल थोडंच: महिन्याच्या आतल्या दुखण्यात ३ ते ६ आठवडे अर्धकडक पट्टा आणि विश्रांती, किंवा फिजिओथेरपी, या दोन्हींनी ६ आठवड्यांत नुसतं वाट पाहण्यापेक्षा जास्त आराम मिळतो, हे २००९ च्या डच चाचणीत दिसलं. ६ महिन्यांनी तिन्ही गट सारखेच होते. तुमच्या रुग्णाला ५ आठवडे झालेत, आता पट्टा फक्त गाडीतल्या लांब प्रवासाला. चालवताना तर नकोच, मान वळत नाही आणि मागचं वाहन दिसत नाही.

बाईंबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मानेला ट्रॅक्शन नाही, ग्लाइड नाही, झटका देऊन आवाज काढणारं मॅनिप्युलेशन तर स्वप्नातही नाही.

स्पाइन_ओपीडी_लातूर:

पहिल्या रुग्णाबद्दल वरचं सगळं मान्य. एकच भर: मुळाच्या दाबाचा नैसर्गिक ओघ चांगला असतो. बहुतेकांचा त्रास पहिल्या ४ ते ६ महिन्यांत बराच उतरतो. गादीचा सुटून बाहेर आलेला मोठा तुकडाही शरीर स्वतः खाऊन बारीक करतं. नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा सुटलेला तुकडा जास्त विरघळतो. म्हणून "केवढी मोठी गादी सरकलीय" हे पाहून कुणाला घाबरवू नये. हाताची ताकद पाहावी.

बाईंचं वेगळं. मानेतल्या नळीचा पुढून मागचा व्यास साधारण १७-१८ मिमी असतो. १३ च्या खाली ती अरुंद, १० च्या खाली फारच अरुंद. मान मागे केली की मागचं पिवळं लिगामेंट (मणक्यांना जोडणारी पट्टी) आत घडी घालतं आणि नळी आणखी आवळते. पुढे झुकवली की मज्जारज्जू पुढच्या हाडाच्या कडेवर ताणला जातो. म्हणजे दोन्हीकडे कोंडी. आपला कुणाचाही हात, कितीही तयार असला, तरी हाडाची वाढ आणि जाड झालेलं लिगामेंट मागे सारत नाही. मुळाला जागा करून देणाऱ्या तंत्राने मज्जारज्जूला जागा होत नाही.

पण "मज्जारज्जूचा दाब म्हणजे ऑपरेशनच" असंही नाही. आधी मोजा. सुधारित जेओए (जपानी ऑर्थोपेडिक असोसिएशनचा, मज्जारज्जूचा त्रास मोजणारा) गुणांक १८ चा असतो: हाताला ५, पायाला ७, हाताच्या संवेदनेला ३, लघवीला ३. १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ आणि खाली तीव्र. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मध्यम आणि तीव्र गटाला शस्त्रक्रियेची शिफारस आहे. सौम्य गटाला शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालचा पद्धतशीर व्यायाम, दोन्ही पर्याय खुले आहेत, आणि घसरण दिसली की शस्त्रक्रिया. एमआरआयमध्ये दाब आहे पण मज्जारज्जूच्या त्रासाचं लक्षण एकही नाही, अशांना शस्त्रक्रिया सुचवत नाहीत. समजावून सांगून लक्ष ठेवतात. यात जर हातात मुळाची कळ असेल तर पुढे मज्जारज्जूचा त्रास व्हायचा धोका जास्त, त्यांना जवळच्या तारखा द्या.

बाईंची भाकरी फाटते आणि चप्पल निसटते. हात-पाय दोन्ही गेलेत. गुणांक घातल्याशिवाय आकडा सांगत नाही, पण या दोन वाक्यांवरून सौम्य वाटत नाही. ऑपरेशन न केलेल्या रुग्णांपैकी २० ते ६२ टक्के ३ ते ६ वर्षांत किमान एक गुण गमावतात, असं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलंय. आणि घसरण सरळ उतारासारखी नसते, जिन्यासारखी असते: वर्षभर पायरीवर स्थिर, मग एका धक्क्यात खाली. घरच्यांना हे असंच सांगा. वर्षभर "बरं चाललंय" म्हणून निर्धास्त राहणं इथेच अंगलट येतं. मोटारसायकल खड्ड्यात आदळून मान मागे झटका खाते तेवढंही पुरतं.

शस्त्रक्रियेचं ध्येयही घरच्यांना नीट सांगा. पहिलं ध्येय घसरण थांबवणं. गेलेलं किती परत येईल हे किती उशिरा आलात यावर आहे. या आजाराच्या निदानाला सरासरी २ वर्षांहून जास्त उशीर होतो, आणि त्या काळात बहुतेकांना वजन आणि पट्टाच मिळालेला असतो.

फिजिओ_केज:

धन्यवाद सर. आज मोजलं. हाताला ३, पायाला ५, संवेदना २, लघवी ३. एकूण १३. हॉफमन (मधल्या बोटाचं नख टिचकवल्यावर अंगठा आत ओढला जाणं, मज्जारज्जूच्या दाबाची खूण) दोन्हीकडे, टाचेला पंजा लावून चालताना तोल जातो. १० सेकंदांत मूठ उघडझाप १२ वेळा. सोमवारी घाटीला (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) पाठवतेय. तोपर्यंत आणि ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत बाईंना अगदी मोकळं सोडायचं का? वर "ट्रॅक्शन नाही, ग्लाइड नाही" म्हटलंय, पण त्यांचे खांदे दगडासारखे झालेत.

मान_पाठ_संभाजीनगर:

१० सेकंदांत २० पेक्षा कमी म्हणजे गडबड, १२ म्हणजे चांगलीच. बरोबर पाठवताय.

माझं वाक्य जरा आखडून लिहिलं गेलं. मानेच्या मणक्यांना ओढणारं, सरकवणारं, फिरवणारं काही नको. मानेचा मणका न हलवता वरच्या पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंवर हलका हात चालतो. रुग्ण कुशीवर, डोकं आणि धड एका रेषेत, उशीची उंची खांद्याएवढी. पालथं झोपवू नका, मान वळते. छातीच्या मणक्यांनाही झटका देऊ नका. पाठीचा झटका मानेपर्यंत पोचतो.

मज्जारज्जूच्या सौम्य दाबात ट्रॅक्शन आणि छातीचं मॅनिप्युलेशन देऊन बरं वाटल्याच्या मोजक्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध आहेत, त्यामुळे कुणीतरी तुम्हाला त्या दाखवेल. तुलनेचा गट नसलेल्या, मूठभर रुग्णांच्या नोंदी आहेत त्या. १३ गुणांच्या बाईंवर त्याचा आधार घेऊ नये.

खरं काम तोलाचं आहे. पडल्या तर ऑपरेशनची तारीख येण्याआधीच पाय जातील. भिंतीशी उभं राहून तोल, पलंगावरून उठबस, ८-१० अशा ३ फेऱ्या. न्हाणीघरात ओली फरशी असेल तर पोत्याचा तुकडा. रात्री लघवीला जायच्या वाटेवर दिवा. घसरणाऱ्या चपला बंद, मागे पट्टा असलेली सँडल. डोक्यावर हंडा, सरपण, काहीही नाही.

स्पाइन_ओपीडी_लातूर:

याला दुजोरा. पाठवताना चिठ्ठीवर "नस दबली" लिहू नका. गुणांक, हॉफमन, चाल, मूठ उघडझापचा आकडा, आणि कधीपासून, एवढं लिहा. गर्दीच्या ओपीडीत तीच ओळ वाचून रुग्ण पुढे घेतला जातो. एमआरआयची फिल्म सोबत द्या, नुसता रिपोर्ट नको. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन जायला सांगा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटायला सांगा. कागद नाहीत म्हणून तारीख पुढे जाते, ते टाळता येतं.

ग्रामीण_रुग्णालय_किनवट:

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही आपल्या भागाच्या.

पहिली फ्लोरोसिस. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. १ लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्यावरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की लिगामेंटचं हाड होतं आणि मानेतली नळी आतून भरत येते. मान लाकडासारखी, आधी वळणं बंद, दुखणं त्यामानाने कमी. अशा मानेला "आखडलीय" समजून कुणी जोर लावला तर ती वाकत नाही, मोडते. दात तपकिरी-पिवळे पट्ट्यांचे असतील, घरात आणखी कुणाची पाठ धरलेली असेल, तर हात लावायच्या आधी मानेचा आणि कोपराखालच्या हाताचा एक्स-रे काढा. हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना दिसला की उत्तर मिळालं. मग मॅन्युअल थेरपीचा विचार सोडा.

दुसरी मणक्याचा टीबी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री जागं करणारी मानदुखी, गिळताना अडचण. अशा मानेला ट्रॅक्शन दिलं की टीबीने खाल्लेला मणका खचतो. शंका आली तरी वजन लावू नये. एक्स-रे, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी), एमआरआय आधी.

बी१२ ची कमतरताही मज्जारज्जूचीच लक्षणं देते, हात-पाय दोन्ही बधिर, चाल बिघडलेली, तोल डोळे मिटल्यावर जातो. रक्ताची साधी तपासणी आहे, एमआरआयमध्ये थोडा दाब दिसला तरी करून घ्या. दोन्ही एकत्र सापडतात. मधुमेहींचं पायाचं बधिरपण वेगळं, ते मोज्यासारखं खालून चढतं आणि रिफ्लेक्स मंद होतात. मज्जारज्जूच्या दाबात गुडघ्याचा रिफ्लेक्स उसळतो. हातोडी नाही म्हणून तपासलं नाही असं होऊ देऊ नये.

आशाताई_धारूर:

नमस्कार सगळ्यांना. मी डॉक्टर नाही, आशा आहे. आमच्या वाडीत हाताला मुंग्या येणारे घरोघरी आहेत, बाया तर लईच. सगळ्यांना मान मोडून देणारा माणूस बाजारच्या दिवशी येतो, कटकन आवाज काढतो, लोकांना बरं वाटतं. मी कुणाला कुठं पाठवावं आणि कुणाला सांगावं की थांबा, हे साध्या भाषेत सांगा.

मान_पाठ_संभाजीनगर:

ताई, तुमचा प्रश्न फार कामाचा आहे.

हे विचारा. भाकरी थापताना, ब्लाउजचे हूक लावताना, परकराची नाडी बांधताना किंवा कापूस वेचताना बोटं पहिल्यासारखी चालतात का? चालताना पाय जड, ताठ किंवा लटपट होतो का? अंधारात किंवा डोळ्यांवर पाणी मारताना तोल जातो का? चप्पल निसटते आणि कळत नाही असं होतं का? मान पुढे वाकवली की पाठीतून पायापर्यंत वीज जाते का? लघवीला घाईघाईने पळावं लागतं किंवा धार सुरूच होत नाही असं नवीन काही झालंय का?

यातलं एक जरी "हो" आलं, तर मान मोडणाऱ्याकडे नाही, मालिशवाल्याकडे नाही, वजन लावायलाही नाही. थेट डॉक्टरकडे. लघवीचं किंवा चालण्याचं गेल्या काही दिवसांत बिघडलं असेल तर त्याच दिवशी.

मग समोर उभं करून दोन गोष्टी करून घ्या, यंत्र लागत नाही. मोबाईलवर १० सेकंद लावा आणि मूठ पूर्ण बंद-पूर्ण उघड, जितक्या वेळा होईल तितकी. २० च्या खाली आली तर नोंद करा. आणि एका रेषेत टाचेला पंजा लावून १० पावलं, तुम्ही शेजारी उभ्या राहून.

एकाच हातात कळ, एक-दोन बोटांत मुंग्या, हात डोक्यावर ठेवला की बरं, चालणं व्यवस्थित, असं असेल तर ते मानेतल्या नसेच्या मुळाचं दुखणं. फिजिओकडे पाठवा, घाबरायचं नाही. रात्री दोन्ही हातांची पहिली तीन बोटं बधिर होऊन बाई उठते आणि हात झटकते, ते बहुतेक मनगटाचं असतं. मानेचा पट्टा त्याला लागत नाही.

मान मोडणाऱ्याबद्दल. आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा. गादी जागेवर बसल्याचा नाही. स्नायू काही वेळ सैल पडतो म्हणून बरं वाटतं. पण तो झटका वळवून आणि मागे नेऊन दिलेला असतो, आणि मज्जारज्जूची नळी त्याच स्थितीत सर्वांत अरुंद असते. शिवाय मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते. नंतर मानेत कधी नव्हती अशी कळ, चक्कर, एकाऐवजी दोन दिसणं, बोलणं जड, गिळायला त्रास, तोंडाला किंवा अंगाला एका बाजूला बधिरपणा, एक पापणी पडणं, यातलं काही झालं तर १०८ बोलवा. "झोपून बरं होईल" म्हणत घरी ठेवू नका.

कोमट तेल लावून हलकं चोळणं, उडदाच्या पिठाची पाळ करून त्यात तेल धरणं, शेक, हे सगळं स्नायूला बरं वाटावं म्हणून चालतं. बोटांचं बधिरपण त्याने जात नाही, हे मात्र सांगा.

फिजिओ_केज:

काळी-पिवळीवाला रोज इथपर्यंत येऊ शकत नाही. घरी दारावर लावायचं ट्रॅक्शन घेतलंय म्हणतो, पाण्याच्या पिशवीचं. चालेल का?

मान_पाठ_संभाजीनगर:

चालेल, पण आधी कसा बसतो ते विचारा. दहातले बरेच जण दाराकडे पाठ करून बसतात. मग दोरी मान मागे ओढते आणि छिद्र अरुंद होतं, म्हणजे नेमकं उलटं. दाराकडे तोंड करून बसायचं, खुर्ची इतकी जवळ की मान थोडी पुढे झुकेल. बसलेल्या माणसाचं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं, त्यामुळे पहिले काही किलो फक्त डोकं पेलण्यात जातात. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ४ लिटरपासून सुरू, दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर वाढवत ७-८ पर्यंत, १० ते १५ मिनिटं. पिशवीवरच्या खुणा फसव्या असतात, एकदा तराजूवर तोलून घ्या. घरात एकटा असताना लावू नये. यंत्राएवढा फायदा याचा दिसलेला नाही, म्हणून १५ दिवसांतून एकदा तरी तुमच्याकडे येऊ द्या.

त्याला नसेचा स्लायडर शिकवा, तो गाडी उभी असताना होतो: कोपर आणि मनगट सरळ करत हात बाजूला न्यायचा आणि त्याच वेळी मान त्याच हाताकडे झुकवायची, कोपर वाकवताना मान दुसरीकडे. १० वेळा, दिवसातून ३ वेळा. मान आणि हात एकमेकांपासून लांब नेण्याचा प्रकार नसेला ताण देतो, तो ५-६ आठवडे तरी नको. सीट पुढे घ्या म्हणजे कोपर वाकलेलं राहील. उजवा हात उंच करून खिडकीच्या वरच्या कडेला धरून चालवायची सवय या लोकांना असते, दुखणं कमी होतं म्हणूनच तसं धरतात, पण एका हाताने चालवणं नको.

फिजिओ_केज:

बाईंची सून परवा म्हणाली, ऑपरेशन झालं तरी पुढच्या हंगामाची उचल घेतलीय, जावंच लागेल. मोळी चुंबळ करून उचलली तर?

स्पाइन_ओपीडी_लातूर:

चुंबळीने मोळी घसरत नाही आणि टाळू सोलत नाही. वजन जेवढं आहे तेवढंच मानेच्या मणक्यांतून खाली जातं. ३०-४० किलोची मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढताना मान ताठ धरावी लागते आणि पाय घसरला तर सगळा झटका सी५-सी६ वर येतो. ऑपरेशननंतर डोक्यावर ओझं कायमचं बंद, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून मागा. मुकादमापुढे तोंडी सांगणं टिकत नाही, कागद टिकतो. हंगामाला जाणारच असतील तर पाचट सोलणं, मोळी बांधणं, वाढे गोळा करणं एवढं काम ठेवा आणि तेही ऑपरेशननंतर हाड जुळल्याचा एक्स-रे पाहिल्यावर. त्यांच्या कोयत्यात (ऊसतोडीच्या जोडीत) जो दुसरा आहे, त्यानेच ओझं उचलायचं हे आत्ताच, उचलीचा हिशोब होण्याआधी, मुकादमाला सांगून ठेवा. आणि त्या दुसऱ्याचीही मूठ १० सेकंद मोजून घ्या.